रस्त्याची माफी कोणाकडे मागायची?

पवित्र कुरआनात रोजाविषयीच्या आयती सूरह बकरामध्ये एका जागी आल्या आहेत, 183 पासून 187 पर्यंत. रोजा कोणावर फर्ज आहे, आजारी व प्रवासी यांना कोणती सवलत आहे, सहरची वेळ कधी संपते, हे सारे त्यात आहे. रमजानच्या महिन्यात यावर भरपूर बोलले जाते. लगेच पुढे येणारी 188 वी आयत मात्र फारशी ऐकू येत नाही. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका आणि ती गिळता यावी म्हणून अधिकाऱ्यांपर्यंत पैसा पोचवू नका, असा तिचा आशय आहे. दिवसभर हक्काची भाकरीही सोडायला सांगितल्यावर लगेच बिनहक्काच्या मालाचा विषय निघतो, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

मालमत्ता म्हटले की आपल्याला कोणाचे तरी शेत, दुकान किंवा दागिने आठवतात. घरासमोरचा रस्ता आठवत नाही. म्हणूनच तो हळूहळू खाल्ला जातो. आधी एक पायरी पुढे येते, मग ओटा होतो, ओट्यावर पत्रा चढतो, पत्र्याखाली दुचाकी लागते आणि दोन-तीन वर्षांत तिथे भिंत उभी राहते. समोरचा शेजारी ते पाहतो आणि तोही आपला ओटा पुढे घेतो. गटारावर पक्की फरशी टाकली की सफाई कामगाराला आत हात घालता येत नाही. पहिल्याच पावसात पाणी तुंबते आणि ते शिरते चार घरे पलीकडे, ज्याने काहीच केलेले नसते त्याच्या घरात. कॉलनीतली मोकळी जागा तर सर्वांत सोयीची. ले-आऊट मंजूर होताना मुलांना खेळायला, झाडे लावायला ती राखून ठेवलेली असते. कोणी तिथे विटा रचतो, कोणी तारेचे कुंपण घालून भाजी लावतो. सर्वांना दिसते, पण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून सारे गप्प.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसनुसार, दुसऱ्याची वीतभर जमीन जुलमाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास असेल. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात वाट सोडावी, असाही निवाडा त्यांनी दिला. सात हात म्हणजे साधारण साडेदहा फूट. आपल्या किती बोळांत आज एवढी वाट उरली आहे? मदिनेतील त्यांच्या मशिदीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुले ती फुकट द्यायला तयार होती. प्रेषितांनी ती विकतच घेतली. बळकावलेल्या जमिनीवरची नमाज हंबली पंथाचे बहुतेक धर्मशास्त्री ग्राह्य धरत नाहीत. हनफी ती ग्राह्य धरतात, पण पापाचा शिक्का पुसत नाहीत.

आमच्याकडे माणसांच्या हक्कांना हुकूकुल इबाद म्हणतात. त्यात चूक झाली तर ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही, नुसती तौबा पुरत नाही. एका माणसाचे पैसे बुडवले तर त्याच्या दारात जाता येते. पण तीन फूट रस्ता घेतला तर माफी कोणाकडे मागणार? त्या वाटेने जाणारी शाळकरी मुले, काठी टेकत जाणारी म्हातारी माणसे, खांदेकऱ्यांना तिरके व्हावे लागलेली अंत्ययात्रा, आडवा आलेला जनाजा? एवढ्या लोकांची माफी कोणालाच मागता येणार नाही. म्हणून इथे जागा परत करणे हाच एक मार्ग उरतो.

मग अशा शेजाऱ्याशी वागायचे कसे? पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो टाकून त्याची बदनामी करू नये. दोन-चार वडीलधारी मंडळी, शक्य तर दोन्ही समाजांची, त्याच्याकडे चहाला जावीत. हद्दीबद्दल खरोखरच गैरसमज असू शकतो. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशाची नक्कल काढावी, लागली तर मोजणी करावी. कागद समोर आला की आवाज आपोआप खाली येतो. त्यानेही काम झाले नाही तर मुख्याधिकाऱ्यांकडे एकट्याने नव्हे, सर्वांच्या सह्यांनी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खेड्यात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली पंचायतीलाच अतिक्रमण हटवता येते. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात 30 दिवसांची मुदत आहेच.

इथे एक फरक करायला हवा. हातगाडीवर केळी विकणारा आणि दुमजली घराचा जिना रस्त्यात सोडणारा, हे दोघे एक नव्हेत. पहिल्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्याला जागा नेमून देणे हे नगरपालिकेचे काम आहे. तक्रार मात्र बहुधा त्याच्याचविरुद्ध होते, कारण तो उलट बोलत नाही.

आणि अतिक्रमणाला आडनाव चिकटवू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये घर पाडण्यापूर्वी 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली, ती सर्वांसाठी. रस्ता व पदपथावरील बांधकामाला तिचे संरक्षण नाही, तेही सर्वांसाठीच. सार्वजनिक जागेवर नवे प्रार्थनास्थळ उभारू नये, हा त्याच न्यायालयाचा 2009 चा आदेश मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा सर्वांना लागू आहे. परवानगीचा मंडप उत्सव संपला की निघतो. सिमेंटचा चौथरा निघत नाही, आणि त्याच्या बाजूने बोलायला गर्दी जमते. आपल्या समाजाचा ओटा असेल तर पहिला शब्द आपण बोलावा. दुसऱ्याने बोलला की त्याचा वाद होतो.

ओटा मागे घ्यायला गवंडी लागेल, चार दिवस जातील, खर्चही होईल. तरावीहच्या वेळी मशिदीजवळच्या शेजाऱ्याच्या फाटकासमोर लागणाऱ्या मोटारसायकली मात्र आज रात्रीच हलवता येतील. त्याला मोजणी लागत नाही.