ठिगळाचा आरोप

कोबोल किंवा आरपीजीच्या प्रोग्राममधून जावाचा क्लास बोलावणे म्हणजे जुन्या धोतराला जरीचे ठिगळ, असे मानणारा एक वर्ग आमच्या पेशात आहे. त्यांचा पूर्वपक्ष साधा आहे. या भाषा 1959 च्या सुमाराच्या, जाणकार निवृत्त होत चाललेले. मग जोडाजोडीचा खटाटोप कशाला? सगळे एकदाच जावात लिहून काढा.

जाणकार कमी होताहेत हे खरेच. एप्रिल 2020 मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. पण ‘सगळे एकदाच’ या हौसेची किंमतही नोंदलेली आहे. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपली खाती जवळजवळ एका दमात नव्या यंत्रणेवर हलवली. लाखो ग्राहकांना आपलेच खाते उघडेना. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड ठोठावला. ते काही कोबोलचे पुनर्लेखन नव्हते; वृत्ती मात्र तीच.

पुनर्लेखनवाले एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. जुन्या प्रोग्रामात धंद्याचे नियम मुरलेले असतात, आणि त्यांतले कित्येक दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ हा शब्द घातला नाही, तर जादाचे दशांश सरळ छाटले जातात. कोणी तीस वर्षांपूर्वी तो शब्द मुद्दाम गाळला की विसरला, हे आज सांगणार कोण? व्याजाची पै न् पै मात्र त्यावरच ठरत आली आहे. तेच गणित नव्या पोराने जावात ‘डबल’ वापरून मांडले, तर 0.1 आणि 0.2 यांची बेरीजसुद्धा नेमकी 0.3 येत नाही.

म्हणून हिशेब जिथे आहे तिथेच राहू द्यावा, आणि जे जुन्या भाषेला जड जाते तेवढेच नव्याकडे सोपवावे. लेखाविभागाला एक्सेलची फाइल हवी असते; ती बनवायला जावाची अपाची पीओआय लायब्ररी तयार आहे. आरपीजीतून जावाला बोलावण्याची सोय आयबीएमने 2001 मध्येच केली. मेनफ्रेमवरच्या कोबोलला साध्या ‘कॉल’ने जावाची स्टॅटिक मेथड बोलावता येऊ लागली ती 2022 च्या 6.4 आवृत्तीपासून. खुद्द कंपायलर बनवणाराच हा पूल बांधत असताना त्याला ठिगळ म्हणायचे कसे?

दुसरा आक्षेप आमच्याच जुन्या मंडळींचा: जावा आली की जॉब रांगतो, मेमरी फुगते. हा मात्र अनुभवाचा बोल आहे, त्याला उडवून लावता येत नाही. जेव्हीएम सुरू व्हायला वेळ लागतो. शिवाय आरपीजीने बनवलेल्या जावा ऑब्जेक्टचा संदर्भ आपणहून सुटत नाही. जेएनआयच्या फंक्शनने तो सोडावा लागतो. रात्रीच्या बॅचमध्ये प्रत्येक नोंदीला नवा ऑब्जेक्ट बनवून कोणी तो सोडलाच नाही, तर मेमरी फुगणारच. दोष बोलावण्याच्या पद्धतीत आहे. नोंदीगणिक हाका मारू नका, पूर्ण गठ्ठा एकदाच द्या. रक्कम ‘डबल’मधून पाठवू नका, अंकांची स्ट्रिंग द्या आणि पलीकडे ‘बिगडेसिमल’ बनवा. एबसीडिकमधला मजकूर युनिकोडमध्ये नेण्याची जबाबदारी दोघांपैकी कोणाची, हे आधी लिहून ठेवा. एवढी शिस्त ज्यांना जड वाटते, त्यांच्या हातून पुनर्लेखन तडीस जाईल यावर माझा तरी विश्वास नाही.

तरीही ज्यांना सगळे नव्याने लिहायचे आहे त्यांनी जरूर लिहावे. मात्र जुन्या प्रोग्राममध्ये कुठे छाटणी होते आणि कुठे पूर्णांकन, याची यादी त्यांनी आधी टेबलावर ठेवावी. बजेटचे नंतर बोलू.