तीन पत्ते आणि एक क्विंटल सोयाबीन

‘ऑनलाइन पोकर कसं खेळायचं’ हा प्रश्न आमच्या रिठदमध्येही विचारला जातो, असं सांगितलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना गंमत वाटते. रिठद म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर, पावसाची वाट पाहणं, हे आमचे नेहमीचे विषय. पण मोबाईल घरोघरी पोचला आणि त्याच्यासोबत कॅसिनोचं हिरवं टेबलही पोचलं. नात्यातल्या एका पोराने मला विचारलं, “काका, हे आपल्या तीन पत्तीवानीच हाय ना? मंग त्यात शिकाचं काय?” (हे वाचणाऱ्या नातेवाईकांनी तो कोण याचा अंदाज बांधत बसू नये. असा एक जण प्रत्येक घरात असतो.)

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर नीट द्यावंसं वाटलं. “जुगार वाईट, खेळू नको” एवढं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात आणि पोरगं मान डोलावून मोबाईल घेऊन गच्चीवर जातं. त्याचा काही उपयोग होत नाही.

तर कॅसिनोतला ‘थ्री कार्ड पोकर’ असा चालतो. तुम्ही आधी एक रक्कम लावता, समजा 100 रुपये. तुम्हाला तीन पत्ते मिळतात, डीलरलाही तीन, पण त्याचे झाकलेले. पत्ते बघून ठरवायचं. पॅक केलंत तर 100 गेले. खेळायचं असेल तर आणखी 100 लावायचे. मग डीलर पत्ते उघडतो. त्याच्याकडे राणी किंवा त्याहून वरचं काही नसेल तर तुमच्या पहिल्या शंभरावर शंभर मिळतात, पण दुसरे शंभर नुसतेच परत येतात. त्याच्याकडे राणी किंवा वरचं काही असेल आणि तुमचे पत्ते भारी असतील तर दोन्हींवर पैसे मिळतात. हलके असतील तर दोन्ही जातात. राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून भारी असेल तरच पुढे खेळायचं, नाहीतर पॅक, ही यातली सर्वात शहाणी चाल. एक बारीक फरक म्हणजे आपल्याकडे ट्रेल सर्वात मोठी, तिथे एकाच रंगाचा सलग क्रम ट्रेलच्या वर. कारण 52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे निघतात, त्यांत ट्रेल 52 आणि रंगाचा क्रम 48. जे दुर्मिळ ते मोठं.

झालं, खेळ शिकून झाला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोराचं म्हणणं खरंच आहे, यात शिकण्यासारखं फार नाही. शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. समोर कोण बसलंय?

आपल्याकडे श्रावणात, पोळ्याला, दिवाळीला पत्ते निघतात. त्याचं मी कौतुक करत नाही. त्यातही घरं बुडाली आहेत, पोलिसांच्या धाडी पडल्या आहेत, आणि बायकांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. पण त्या डावात समोर आपल्यासारखाच माणूस असतो. तोही बंद खेळतो, तोही घाबरतो, त्यालाही सकाळी वावरात जायचं असतं. एकाचे गेलेले दुसऱ्याकडे येतात. अड्डा असेल तर अड्डेवाला आपली नाल काढतो, आणि ती काढताना सगळ्यांना दिसते. पत्ते पिसायला वेळ लागतो, चहा येतो, भांडण होतं, कोणाची तरी आई हाक मारते. डाव मोडतो.

कॅसिनोच्या टेबलावर समोर खेळाडू नसतोच. समोर असते कंपनी, आणि तिची नाल नियमांच्याच आत शिवलेली असते. डीलरकडे राणीसुद्धा नाही असं शंभरात साधारण तीस वेळा होतं. म्हणजे तुम्ही भारी पत्ते घेऊन बसलेले असताना त्याच्याकडे काहीच नसलं की दुसऱ्या शंभरावर काही मिळत नाही. उलट तुमचे पत्ते हलके म्हणून तुम्ही पॅक केलंत, तर त्याच्याकडे काय होतं याला अर्थ उरत नाही, तुमचे शंभर गेलेच. हे सगळं जमेला धरून, अगदी शहाणपणाने खेळलं तरी पहिल्या 100 रुपयांमागे दर डावाला सरासरी 3 रुपये 37 पैसे कंपनीकडे जातात.

“एवढंच होय?” असं पोरगं म्हणालं. मलाही तेच म्हणायचं आहे, की हे ‘एवढंच’ नीट मोजा.

मोबाईलवर पत्ते पिसायचे नसतात. समजा तासाला 200 डाव झाले, म्हणजे अठरा सेकंदांना एक. तासाचे झाले 674 रुपये. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे आठ तासांत एक क्विंटल सोयाबीन गेलं! आठ तास म्हणजे फार नाही, चार रात्री दोन-दोन तास. त्या एका क्विंटलसाठी पेरणी, डवरणी, फवारणी, सोंगणी आणि मळणी यंत्रासमोरची ती धूळ. आणि हा हिशोब न चुकता खेळणाऱ्याचा आहे. रात्री एक वाजता चिडून खेळणाऱ्याचा नाही.

त्याच खेळात जोडीवर किंवा त्याहून वरच्या पत्त्यांवर वेगळे पैसे लावता येतात. कलर लागला तर एका टेबलावर चौपट देतात, दुसऱ्यावर तिप्पट. बाकी सगळं तेच. या एका आकड्याने कंपनीचा वाटा शेकडा 2.32 वरून 7.28 वर जातो. तीन पट! स्क्रीनवर काही बदललेलं दिसत नाही. वजनकाट्यात दोन किलोची मारली तर आपण अडत्याशी भांडतो. इथे भांडायचं कोणाशी?

“पण लोक जिंकतात ना?” जिंकतात. न जिंकले तर कोण खेळेल? एखाद्या रात्री चार हजार वर येतातही. सरासरी लगेच दिसत नाही, ती हजारो डावांनी दिसते. म्हणूनच फसायला होतं. जिंकलेली रात्र लक्षात राहते आणि बाकीच्या रात्री ‘नशीब खराब’ या खात्यावर जातात.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. कॅसिनोत जायचं तर पणजीला मांडवीतल्या बोटींवर जावं लागे, आणि रिठदहून पणजी लांब आहे. ते अंतरच खूप जणांना वाचवत होतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. मला तो कायदा योग्य वाटतो. पण बंदीनंतर मोबाईलवर जे उरतं ते बाहेरदेशातून, चोरून चालणारं. तिथे पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाणार कुठे? म्हणून नुसत्या बंदीवर विसंबून राहू नये, असं मला वाटतं.

नळराजाची गोष्ट आपल्या विदर्भाच्या जावयाची. द्यूतात राज्य गेलं, अंगावरचं वस्त्रही गेलं. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून दाखवली आणि नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म शिकवलं. मग नळ राज्य परत जिंकला. मला यात मोजण्याची विद्या दिसते. पण नळासमोर त्याचा भाऊ पुष्कर होता, माणूस होता. कॅसिनोसमोर तीच विद्या शिकून एकच उत्तर निघतं, बसू नये.

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे, त्यात 52 पत्त्यांची उदाहरणं आहेत. पोरं ती मार्कांपुरती सोडवतात. तोच धडा एखाद्या शिक्षकाने सोयाबीनच्या भावात शिकवला तर? त्या पोराला मी वहीवर मांडून दाखवलं. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत बसला. पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

तुमच्याही घरात असा कोणी असेल तर रागवण्याआधी एकदा त्याच्यासोबत हा हिशोब मांडून बघा. सोयाबीन नसेल तर कापसात मांडा, पगारात मांडा. काय उत्तर आलं ते मलाही कळवा.