बयाणा घेतल्याशिवाय कोड लिहू नका

लोखंडी ग्रिल बनवणारा फॅब्रिकेशनवाला आधी माप घेतो, भाव सांगतो आणि निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय पाइप कापत नाही. लग्नाची बिर्याणी करणारा बावर्ची तांदूळ-मटणाचे पैसे आधी मागतो. सुतार, शिंपी, मंडपवाला, सगळ्यांचा हाच रिवाज. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच घरांतून आलेले आहेत. पण त्याच घरातला मुलगा इंजिनिअर होतो, दोन मित्रांना घेऊन वेबसाइट आणि ॲप बनवण्याचा धंदा सुरू करतो आणि तीन महिने राबून केलेले काम एका पैशाचाही बयाणा न घेता ग्राहकाच्या हवाली करतो. मग फोन सुरू होतात. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "पुढच्या आठवड्यात बघू."

स्टार्टअपच्या गप्पांमध्ये गुंतवणूकदार, व्हॅल्युएशन, फंडिंग हे शब्द सतत येतात. आपल्या वस्त्यांमधल्या बहुतेक तरुणांच्या ओळखीत असा गुंतवणूकदार नसतो. व्याजाचे कर्ज अनेक घरांत नको असते आणि तारण द्यायला मालमत्ताही नसते. उरते ते घरातले पैसे, म्हणजे आईचे दागिने किंवा बहिणीच्या फीसाठी ठेवलेली रक्कम. त्यामुळे बाहेरचे भांडवल न घेता धंदा उभा करणे ही आपल्यासाठी हौस नाही, तोच एक रस्ता आहे. या रस्त्यावर भांडवल एकाच ठिकाणाहून येते, ग्राहकाकडून. ते वेळेवर आले नाही तर उत्तम ॲपसुद्धा कुटुंबाला खड्ड्यात घालते.

या रस्त्याने मोठे झालेले लोक आहेत. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात 10 हजार रुपयांवर सुरू झाली. सुरुवातीला तिच्याकडे स्वतःचा संगणकही नव्हता. तो यायला 1983 उजाडले. तोवर ग्राहकाच्या यंत्रावर ग्राहकाचे काम चालत होते. शिकागोची 37सिग्नल्स 1999 पासून दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवत होती. ती कामे सांभाळताना होणारा गोंधळ आवरण्यासाठी त्यांनी स्वतःपुरते एक साधन तयार केले आणि 2004 मध्ये तेच 'बेसकॅम्प' नावाने विकायला काढले. झिरोधा 2010 पासून बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय चालली आहे.

झोहोची गोष्ट जरा सावकाश वाचण्यासारखी आहे. 1996 मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली ही कंपनी दूरसंचार उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना नेटवर्क सांभाळण्याचे सॉफ्टवेअर विकत असे. 2000-01 मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि तिचे ग्राहकच आटले. एकाच प्रकारच्या ग्राहकावर विसंबलेल्या धंद्याचे असेच होते. पण डोक्यावर गुंतवणूकदार नव्हता आणि गाठीला पैसे होते, म्हणून कंपनीला दिशा बदलायला वेळ मिळाला. तिने इतर कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी नवी उत्पादने काढली, आणि 'झोहो' हे नाव आले ते 2005 मध्ये. लहान धंद्याने यातून घ्यायचे ते एवढेच: सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि निम्म्याहून जास्त कमाई एकाच ग्राहकाकडून येऊ देऊ नका. हे बोलायला सोपे आहे, पाळायला फार अवघड, कारण पहिला मोठा ग्राहक मिळाला की आपण त्याचेच नोकर होतो.

आता पैशांकडे येऊ. समजा काम 1 लाख 20 हजारांचे आहे. 40 टक्के, म्हणजे 48 हजार, काम सुरू करण्यापूर्वी घ्या. तेवढेच अर्धे काम दाखवल्यावर घ्या. उरलेले 24 हजार काम सोपवताना. ग्राहक 'काम बघून देतो' म्हणाला तर नम्रपणे सांगा की आधीची कामे दाखवतो, ती बघा. तरीही तो बयाणा द्यायला तयार नसेल, तर शेवटी पूर्ण पैसे देईल असे मानायला काही आधार नाही.

दोन पानांचा करार करा, मराठीत केला तरी चालतो. काय बनवणार, काय बनवणार नाही, किती वेळा बदल करून देणार आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे, एवढे त्यात हवे. 'अजून एक छोटंसं बटण' या एका वाक्यावर कितीतरी आठवडे फुकट जातात, म्हणून 'काय बनवणार नाही' हे कलम सर्वात मोलाचे. आणखी एक ओळ घाला: पूर्ण पैसे मिळाल्यावर कोडचे हक्क ग्राहकाकडे जातील. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. हे बहुतेक ग्राहकांना माहीत नसते, आपल्यालाही नसते. मात्र पैसे अडकले म्हणून चालू वेबसाइट गुपचूप बंद पाडण्याच्या फंदात पडू नका. त्याने पैसे तर येत नाहीतच, वर पोलीस तक्रार होऊ शकते.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि सॉफ्टवेअर सेवेवर 18 टक्के कर बसतो. इथे एक फटका बसतो. कराची जबाबदारी बिल काढले की येते, पैसे मिळोत न मिळोत. वरच्या उदाहरणात सगळे बिल एकदम फाडले आणि ग्राहकाने चार महिने लावले, तर 21 हजार 600 रुपये आधी आपल्याच खिशातून जातात. म्हणून करारातच टप्पे पाडा आणि टप्प्याटप्प्याने बिल काढा. कंपनी-ग्राहक टीडीएस कापून पैसे देतात. तो कापलेला पैसा विवरणपत्र भरल्याशिवाय हिशेबात येत नाही. भाव सांगताना हे दोन्ही धरून चाला.

उद्यम नोंदणी आजच करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला वाटेला लावा. नोंदणीचा खरा उपयोग वसुलीच्या वेळी होतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. व्याज घ्यावे की सोडून द्यावे, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. मुद्दल मात्र आपल्या घामाचे आहे, ते मागायला संकोच कशाला? ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय एप्रिल 2024 पासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. अनेकदा ग्राहकाच्या अकाउंटंटला या नियमाची आठवण करून देणारा एक ईमेल पुरतो.

सर्वात कठीण वसुली मात्र नात्यातली. मामूंच्या दुकानाची वेबसाइट, ओळखीच्या ट्रस्टचे ॲप, 'अपनाही बच्चा है'. मदत जरूर करा, पण बिल पूर्ण रकमेचे काढा आणि त्यावर सवलत वेगळी दाखवा. मामूंना कळू दे की भाच्याने काय दिले.

काय बनवायचे, हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. जो धंदा घरात पाहिला आहे तिथून सुरुवात करा. मालेगाव-भिवंडीत व्यापारी सूत देतो, कारखानदार मजुरीवर कापड विणून परत करतो. सुताचे वजन, कापडाचे मीटर, घट आणि मजुरी यांचा हिशेब अजून वह्यांमध्ये अडकलेला आहे. गॅरेजमधल्या स्पेअर पार्टचा, बेकरीच्या रोजच्या उधारीचाही तसाच. बाहेरून आलेल्या कंपनीला जे समजायला वर्ष लागेल, ते तुम्हाला जेवताना ऐकून पाठ झालेले असते. मात्र आधी तीन कारखानदारांकडून थोडे का होईना पैसे घ्या, मग बनवा. नुसते 'छान आहे, बनव' म्हणणारे पुढे विकत घेत नाहीत.

आणि घरून काम करणाऱ्या मुलींसाठी. डिझाइन, टेस्टिंग, कोडिंग करणाऱ्या अनेकींच्या कामाचे पैसे अजून भावाच्या किंवा वडिलांच्या खात्यात जमा होतात. उद्यम नोंदणी, पॅन, बँक खाते, करारावरची सही, चारही ठिकाणी काम करणारीचे नाव हवे. तिने उद्या लग्नानंतर गाव बदलले तरी ग्राहक, बिले आणि कमाईचा पुरावा तिच्यासोबत जाईल.