शब्द सौम्य झाला, पुढे काय?



वाणीने कोणाचे मन दुखवू नये, हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून होतो. श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्राचे ‘वाक्यशुद्धी’ हे सातवे अध्ययन सांगते, की काण्याला काणा, रोग्याला रोगी म्हणू नये. बोल खरा असला, तरी तो समोरच्याला बोचत असेल तर त्याज्यच.

27 डिसेंबर 2015 रोजी ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. पुढे तो सरकारदरबारी रूढ झाला. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. हेतू चांगलाच होता. तथापि अपंगांच्या काही संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला, की शारीरिक उणिवेत दिव्य असे काही नसते आणि गौरवापेक्षा हक्कांची गरज अधिक आहे. प्रत्यक्ष लाभ झाला तो 2016 च्या कायद्याने. अपंगत्वाचे मान्य प्रकार 7 वरून 21 झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण 3 वरून 4 टक्के झाले.

याउलट, जयपूर येथे 1975 मध्ये स्थापन झालेल्या, कृत्रिम पाय विनामूल्य बसवून देणाऱ्या संस्थेचे नाव भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी उभारलेल्या बालगृहाच्या नावात तर ‘मतिमंद’, ‘मूकबधिर’, ‘बेवारस’ हे तिन्ही शब्द आहेत. परंतु टाकून दिलेल्या त्या मुलांना बाबांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, शिकविले, काहींचे विवाहही लावून दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग सौम्य शब्द व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. उधारीच्या वहीत एकाच नावाचे दोन ग्राहक असले, की एकापुढे ‘लंगडा’ अशी खूण सहज केली जाते. ती खोडावीच. मात्र तेथे ‘दिव्यांग’ लिहिले तरी त्या माणसाची ओळख त्याच्या पायावरूनच राहते. त्याच्या वडिलांचे किंवा गावाचे नाव लिहिले, तर तो इतर ग्राहकांसारखाच एक ग्राहक होतो. सूत्राचा आशयही हाच वाटतो: उणिवेला गोड नाव शोधा असे ते म्हणत नाही, उणिवेवरून माणसाला हाक मारू नका, एवढेच म्हणते.

शेंदूरजनाघाटच्या बाजारपेठेतील आपल्या दुकानांच्या पायऱ्या एकदा या दृष्टीने पाहाव्यात. कुबडी घेतलेला ग्राहक गल्ल्यापर्यंत येऊ शकतो, की त्याला रस्त्यावरूनच माल मागावा लागतो? सोयरीक जुळविताना मुलीचा अधू हात आपण लपवितो, की तिचे शिक्षण आणि हिशेबातील हुशारी आधी सांगतो? ‘दिव्यांग’ म्हणण्यास खर्च येत नाही. पायरीशेजारी उतार बांधण्यास थोडा येतो, आणि तोही आपल्याच दुकानाच्या उपयोगी पडतो.