अक्कल ही काय फक्त माणसाची मक्तेदारी?

'मासा मिळतो म्हणून उड्या मारतो, त्यात कसली आली अक्कल?' डॉल्फिनविषयी हे वाक्य मी अनेक सुशिक्षितांकडून ऐकले आहे. विचार फक्त माणूस करतो, बाकी सगळी भूक आणि सवय, असे एकदा ठरवले की पुढचे सगळे सोपे होते. मला हे ठरवणेच मान्य नाही.

हवाईतील होनोलुलूत लुई हर्मन या शास्त्रज्ञाने अकेआकामाई नावाच्या डॉल्फिन मादीला हातांच्या खुणांची छोटी भाषा शिकवली. त्या भाषेत क्रम बदलला की अर्थ बदले. 'माणूस, फळी, आण' म्हणजे फळी माणसाकडे न्यायची. 'फळी, माणूस, आण' म्हणजे माणसाला फळीकडे न्यायचे. पूर्वी कधीही न दिलेल्या आज्ञाही ती समजून घेई, हे १९८४ साली प्रसिद्ध झाले. एखादी वस्तू टाकीत आहे का, असे विचारले आणि ती नसली, तर ती 'नाही'ची कळ दाबत असे. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल उत्तर देणे, याला नुसती सवय कसे म्हणायचे?

आता माशाचा मुद्दा. कॅरन प्रायर आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली हवाईतलाच एक प्रयोग मांडला. नियम एकच: आधी कधी न केलेली हालचाल केली तरच मासा. डॉल्फिनने सुरुवातीला जुन्याच करामती करून पाहिल्या. पुढे मात्र नवनव्या हालचाली सुरू केल्या. मासा होताच, पण नियम उमगल्याशिवाय मिळत नव्हता. आणि 'नवे' ही हातात धरता येणारी वस्तू नाही, कल्पना आहे. पगारासाठी राबणाऱ्या माणसाला आपण बिनडोक म्हणतो का?

डॉल्फिन हुबेहूब माणसासारखा विचार करतो, असा माझा दावा नाही. हे पुरावे टाकीत कोंडलेल्या जिवांकडूनच मिळाले, ही कडू गोष्टही मी नाकारत नाही. पण पुरावा मिळाल्यावरही कोंडणे चालू ठेवायचे, तर अडाणी कोण?

२०१३ साली केंद्र सरकारने करमणुकीसाठी डॉल्फिन कोंडण्याला परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. ते योग्यच झाले. पण कोकणच्या किनाऱ्यावर 'डॉल्फिन दाखवतो' म्हणत इंजिनाच्या होड्या त्यांच्या मागे लागतात, तेव्हा आपणच नावाड्याला 'अजून जवळ घे' म्हणतो. पुढच्या वेळी 'इंजिन बंद कर' म्हणून पाहा. शिकण्याची क्षमता डॉल्फिनने सिद्ध केली आहे. आपली परीक्षा अजून बाकी आहे.