किनाऱ्यावरील खुणा

प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते. औशास समुद्र नसला तरी कोळ्यांपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. वसई-वर्सोव्याकडे डोल जाळी समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांस बांधतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी घरी येतात, खुंट पाण्याखालीच राहतात. वर तरंगती खूण बांधावी, तर लाटा ती तोडून नेतात. म्हणून जुने कोळी किनाऱ्यावरील टेकडी व देऊळ एका रेषेत धरीत, दुसऱ्या अंगास आणखी दोन खुणा. रेषा छेदतील तेथे खुंट. आज उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र होडीवर असते. ते अवश्य वापरावे. परंतु ते बंद पडल्यास खुणाच तारतील. म्हणून, पालकहो, वडीलधाऱ्यांजवळील असे ज्ञान या सुट्टीत मुलांकडून लिहवून घ्या, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.