आधी दोष शोधा, मग दोष द्या



यंदा शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरताना आपल्या शाळेत एक प्रसंग घडला. प्रसंग लहान आहे, पण त्यात चूक आमची झाली. ती आम्हीच सांगावी हे बरे, म्हणून या अंकाचे मनोगत त्याच विषयावर लिहीत आहोत.

अर्ज भरण्याचे काम संगणकाच्या खोलीतल्या लॅपटॉपवर चालते. अर्ज लांबलचक असतो. समग्र आयडी, बँकेचे खाते, उत्पन्नाचा दाखला, एकामागून एक रकाने. अर्धा अर्ज भरून झाला की वायफाय तुटायचे आणि पान पुन्हा पहिल्यापासून. पालक कामावर खाडा करून आलेले आणि शेवटची तारीख चार दिवसांवर. त्याआधी नववीच्या एका विद्यार्थ्याने त्याच लॅपटॉपवर विज्ञान प्रदर्शनाचे काम केले होते. ‘यानेच काहीतरी करून ठेवले असणार,’ असे कोणीतरी म्हटले आणि आम्ही ते मानले. त्याला ऑफिसात बोलावून सर्वांसमोर सुनावले, लॅपटॉपला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. ‘सर, मी काही नाही केले,’ एवढेच तो म्हणाला. विश्वस्तांच्या बैठकीत नवीन लॅपटॉपचा विषय मांडायचेही आम्ही ठरवून टाकले. अपराधी ठरला, खर्च ठरला. बिघाड काय आहे हे मात्र कोणी पाहिलेच नव्हते.

मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने राउटर बंद करून चालू केला, इंटरनेट सुरू झाले, तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर आमच्या विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, ‘सर, आधी आपण तपासू या.’ आणि मदतीला त्यांनी त्याच मुलाला मागितले. आम्ही नाइलाजाने हो म्हटले.

मॅडमनी मुलांना समजावले ते आम्हालाही तेव्हाच नीट कळले. नर्मदेचे पाणी आपल्या नळाला आले नाही तर आपण काय करतो? शेजारी आले आहे का ते विचारतो, मग टाकीचा व्हॉल्व्ह पाहतो, मग आपला नळ. इंटरनेटचेही तसेच तीन टप्पे आहेत. बाहेरून राउटरपर्यंत येणारी लाइन, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवेतली वाट, आणि खुद्द लॅपटॉप. कोणता टप्पा तुटतो ते आधी ठरवायचे.

पहिली तपासणी मोबाइलने केली. लॅपटॉपचे वायफाय तुटले तेव्हा मोबाइलवर इंटरनेट चालू होते. पण इथे फसायला होते. वायफाय गेले की मोबाइल गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो. म्हणून मोबाइल डेटा बंद करून पुन्हा पाहिले, तरीही चालू. मग लॅपटॉपला राउटरची केबल थेट जोडून तासभर काम केले. एकदाही खंड पडला नाही. म्हणजे बाहेरची लाइन ठीक होती. तिसऱ्या वेळी केबल काढून, वायफायवरच, लॅपटॉपवर पिंगच्या दोन खिडक्या उघडल्या. एक राउटरला हाक मारणारी, दुसरी बाहेरच्या पत्त्याला. राउटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर येत नाही, तर दोष लाइनचा. राउटरचेच उत्तर थांबले, तर दोष घरातला. आमच्याकडे राउटरचेच थांबत होते.

मग राउटर पाहिला. तो ऑफिसात लोखंडी कपाटामागे ठेवलेला, आणि मध्ये आपल्या जुन्या वाड्याची जाड भिंत. या लहरींना धातू आणि जाड भिंती मानवत नाहीत. राउटर उंचावर, उघड्या जागी आणल्यावर सिग्नल सुधारला, पण तुटणे पूर्ण थांबले नाही. मॅडमनी नियम केला होता की एका वेळी एकच बदल करायचा आणि वेळेसह वहीत लिहायचा. तिसऱ्या दिवशी ती वही पाहून तोच मुलगा म्हणाला, ‘सर, ऑफिसात चार्जर लावलेला असतो तेव्हा तुटत नाही. खोलीत बॅटरीवर असतो तेव्हाच तुटते.’

संगणकाच्या खोलीतला विजेचा सॉकेट ढिला होता, म्हणून तिथे सगळे बॅटरीवरच काम करत. बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी वायफायच्या अडॅप्टरची शक्ती कमी करण्याची सोय लॅपटॉपमध्ये असते. आमच्या लॅपटॉपवर ती पूर्ण चालू होती. ती सेटिंग बदलली, सॉकेट दुरुस्त करून घेतला आणि उरलेले सगळे अर्ज वेळेत गेले. खर्च इलेक्ट्रिशियनच्या मजुरीपुरता.

ज्या ऑफिसात आम्ही त्या मुलाला सुनावले होते, त्याच ऑफिसात, त्याच मंडळींसमोर, आम्ही त्याची माफी मागितली.

काही पालक म्हणतात, शाळेत मुलांनी अभ्यास करावा, दुरुस्तीला माणसे आहेत. आमचे मत वेगळे आहे. कायमचा बिघाड मेकॅनिकला दिसतो. अधूनमधून होणारा बिघाड मात्र तो आला की नेमका लपून बसतो. तो सापडतो फक्त रोज वापरणाऱ्याला, आणि तोही नोंद ठेवली तरच. निरीक्षण, नोंद, एका वेळी एकच बदल आणि मग निष्कर्ष, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण पाठ करून घेतो. इथे मुलांनी ते केले. याहून चांगला प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत यंदा झालेला नाही.

घरी अशी अडचण असेल तर पालकांनीही हाच क्रम धरावा. फ्लॅटमध्ये शेजारच्या राउटरांचीही गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ च्या नियमांनी अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ सगळे तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास चालतो. या पट्ट्यात साधारणपणे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. राउटर बंद करून चालू करायला हरकत नाही. मात्र टाचणीने दाबायचे रीसेटचे बटण दाबू नये, त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. आणि दोष बाहेरच्या लाइनचाच निघाला, तर कंपनीला ‘नेट चालत नाही’ असे न सांगता तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दाखवावा. त्या कागदाला टाळता येत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी. नवीन लॅपटॉपचा विषय आम्ही मागे घेत आहोत. त्याऐवजी सर्व खोल्यांतले सॉकेट एकदा तपासून घ्यावेत आणि अर्ज भरण्याच्या टेबलापर्यंत एक केबल ओढून द्यावी. शेवटच्या तारखेचे काम हवेवर सोडू नये.

विद्यार्थ्यांसाठी संगणकाच्या खोलीत आता एक ‘बिघाड वही’ ठेवली आहे. काय बिघडले, केव्हा, त्या वेळी काय चालू होते, एवढे लिहायचे. ‘कोणी केले’ हा रकाना त्या वहीत नाही. तो आम्ही मुद्दामच आखलेला नाही.

— प्राचार्य